चाळीस शब्दांतला ड्रायर

ब्रेस्त, सोमवार, २० नोव्हेंबर

प्रिय रोझेन,

काल फोनवर "सूप उतू जातंय, नंतर बोलतो" असं म्हणून मी तुझा फोन ठेवला, ती शुद्ध थाप होती. गॅसवर काहीही नव्हतं. तू म्हणालीस की पुढच्या गुरुवारी दोन माणसं येतील, नवा ड्रायर बसवतील आणि जुनं धूड घेऊन जातील. मी कां-कू करायला लागलो तेव्हा तू हसत हसतच म्हणालीस, "पपा, ते मशीन दिसलं ना की मी परत पंधरा वर्षांची होते, आणि खोटारडी. म्हणून तर तुझ्याकडे आले की मी स्वयंपाकघरात टिकत नाही." आणि लगेच तुमच्या ग्रनोबलच्या थंडीवर घसरलीस. मी मात्र तिथंच अडकलो. छत्तीस वर्षांपूर्वी मी तुला तीन शब्द बोललो होतो. ते तू अजून उचलून हिंडते आहेस हे मला काल कळलं. खरं सांगायचं तर कळलं नाही, ते मला ठाऊकच होतं. काल ते ऐकावं लागलं, एवढंच. ते शब्द मला परत घ्यायचे आहेत. फोनवर मला ते जमणार नाही, माझा आवाज मध्येच बसतो आणि तू घाबरून शेजाऱ्यांना पाठवतेस. म्हणून पत्र लिहितो आहे. पाणबुडीवरच्या माझ्या नोकरीत पत्रं फक्त यायची, जायची नाहीत, त्यामुळे हात वळलेला नाही. भरकटलो तर समजून घे. म्हातारा माणूस सरळ रेषेत चालत नाही, लिहिणार कुठून?

सुरुवात ड्रायरपासूनच करतो, कारण त्याचं मला सगळं पाठ आहे. एक्याऐंशी सालचा ऑक्टोबर, तू नऊ वर्षांची होतीस. ब्रेस्तमध्ये कपडे वाळत नाहीत, ते फक्त जरा कमी ओले होतात, असं तुझी आई म्हणायची. बैठकीच्या खोलीत दोरीवर माझे पायमोजे, तुझे फ्रॉक आणि चादरी अशा लटकायच्या की टेबलाकडे जायला वाकून जावं लागायचं. शेवटी एकदा चादर सूपमध्ये पडली आणि माझी आर्मेल म्हणाली, "बस झालं. एक तर ड्रायर येईल, नाहीतर मी जाईन." स्वयंपाकघरात सिंक आणि भिंत यांच्यामध्ये पंचेचाळीस सेंटीमीटरची फट होती, तिथं वरून उघडणाराच बसला असता. दुकानदार आम्हाला समोरून काचेचं दार असलेला गळ्यात मारायला बघत होता. "मादाम, यात आतलं सगळं दिसतं," तो म्हणाला. तुझी आई म्हणाली, "मला कपडे वाळवायचेत हो, सिनेमा बघायचा नाहीये." मी आणि तळमजल्यावरचा पोस्टमन, आम्ही दोघांनी तो पट्ट्यांनी बांधून चार मजले वर नेला. ती दोन पायऱ्या पुढं चालत हुकूम सोडत होती. "कठडा सांभाळा! ओरखडा उठला तर खालच्या मादाम त्रेगेर मला जिवंत सोडणार नाहीत." ओरखडा उठलाच. अजून आहे, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर.

पहिल्याच आठवड्यात मी त्याचे सगळे स्क्रू काढून परत बसवले. आर्मेल म्हणाली, "नवं आहे ते, आजारी नाहीये." पण पाणबुडीवरच्या मशिनिस्टला न उघडलेल्या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही. मग मी नियमांचा एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. वरचं झाकण उघडलं की आत ड्रम, ड्रमला दोन झडपा. त्या एकमेकींत अडकवायच्या, खटका दोनदा वाजला पाहिजे, एकदा वाजला तर लागलेल्या नाहीत. ड्रम निम्माच भरायचा. जाळीवरची लव दर वेळी काढायची. खिडकीबाहेर जाणाऱ्या पाइपला बाक येऊ द्यायचा नाही. सहा महिन्यांनी बाजूचा पत्रा काढून आतली धूळ ओढून घ्यायची, पट्टा आणि त्याला ताण देणारी चकती बघायची. एकूण अकरा नियम होते. तुझ्या आईनं ते उभ्या उभ्या वाचले आणि म्हणाली, "आपल्या लग्नात पाद्र्यानंसुद्धा एवढ्या अटी घातल्या नव्हत्या रे." तरी तिनं ते सगळे पाळले. मी परत आलो की ती मला जाळी दाखवायची, शाळेतल्या मुलीनं वही दाखवावी तशी.

तुझंही काम ठरलेलं होतं. तो जुना ड्रम थांबेल तिथं थांबायचा, झडपा बहुतेक वेळा खाली तोंड करून. मग फटीतून हात घालून ड्रम हातानं फिरवत झडपा वर आणाव्या लागायच्या, आणि तेवढा लहान हात घरात फक्त तुझा होता. खुर्चीवर चढून, जीभ बाहेर काढून तू तो फिरवायचीस आणि झडपा वर आल्या की ओरडायचीस, "आल्या आल्या!" जाळीवरच्या लवेचे तू उंदीर करायचीस. करडे, निळे, एकदा माझा लाल स्वेटर पहिल्यांदा वाळवला तेव्हा गुलाबी. शेपटीला दोरा, डोळ्यांना मिरे. ओदील मावशीच्या पर्समध्ये त्यातला एक सोडलास आणि ती मासळीच्या दुकानात किंचाळली, आठवतं? तुझ्या आईनं तुला रागवायला म्हणून आत नेलं आणि दार लावून तुम्ही दोघी हसत बसलात. मला बाहेर ऐकू येत होतं.

आणि ती वाफ! पाणबुडी कधी निघाली, कधी येणार, हे बायकोलासुद्धा सांगायची सोय नव्हती. एवढी गुप्तता, आणि आमच्या इमारतीत सगळ्यांना सगळं ठाऊक. कारण मी आलो की सत्तर दिवसांचे कपडे धुवायला पडायचे आणि त्यांचा तो तेलाचा, तळणाचा, बंद हवेचा वास एका धुण्यात जायचा नाही. तीन दिवस ड्रायर सतत चालायचा, खिडकीतल्या पाइपमधून अंगणभर वाफ. खालच्या मजल्यावरून मादाम त्रेगेर ओरडायच्या, "आर्मेल, गुलवेन आला वाटतं! माझ्या जेरेनियमच्या कुंड्यांवर पाणी ठिबकतंय!" आणि आर्मेल खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायची, "शत्रूच्या हेरांना एवढंच करायचंय, तुमच्या जेरेनियमशेजारी येऊन उभं राहायचंय." त्या तीन दिवसांत घर गरम असायचं, काचांवर धुकं, तव्यावर खाऱ्या लोण्यातले क्रेप. मला तेव्हा जगात दुसरं काही नको असायचं. हे मी तिला कधी बोललो नाही, कारण ते दिसतंच आहे असं मला वाटायचं.

आता त्या चाळीस शब्दांकडे येतो. तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मला त्या वाटेनंच जावं लागेल. आम्ही पाण्याखाली असताना घरून आठवड्याला एक निरोप, चाळीस शब्दांचा. आमच्याकडून उत्तर नाही, एक अक्षरसुद्धा नाही. निरोप आधी नौदलातलं कोणीतरी वाचायचं आणि त्यात आजारपण, भांडण, रडणं असं काही असलं तर तो पुढं सरकायचाच नाही. बायका त्यामुळे हवापाण्याचं लिहायच्या. आर्मेल सही करायची नाही. "माझं नाव तुला पाठ आहे, त्यात एक शब्द कशाला घालवू?" असं तिचं गणित. तिचे निरोप जेवणाच्या टेबलावर आम्ही मोठ्यानं वाचायचो. "मादाम त्रेगेरनी मांजर पाळलं. मांजरानं मादाम त्रेगेरना पाळलं असं पोस्टमन म्हणतो. रोझेनला गणितात वीसपैकी बारा. तुझा सातवा नियम मोडला, सांगणार नाही कसा." आमचा खानसामा लोईक म्हणायचा, "गुलवेन, तुझी बायको मला दे, तुला हवे तेवढे क्रेप देतो." कागदाच्या त्या पट्ट्या मी उशाशी ठेवायचो. सत्तर दिवसांत दहा पट्ट्या, एवढाच माझा संसार.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये मी निघालो. पहिले दोन निरोप तिचे होते. मग तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी ती पावाच्या दुकानात रांगेत उभी होती आणि तिथंच कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. तू शाळेत होतीस, तुला घ्यायला ओदील मावशी आली. हे सगळं मला नंतर तिनं सांगितलं, तुझ्याकडून मी कधी ऐकलं नाही, विचारलंही नाही. त्या मंगळवारी मी पाण्याखाली एका पंपाचं बेअरिंग बदलत होतो आणि शीळ घालत होतो. मला ते आठवतं, कारण त्याच दिवशी ते बेअरिंग बसलं होतं.

दफन झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तू आईचं कपाट उघडलंस. ओदील म्हणाली, "सोन्या, राहू दे, आपण नंतर बघू." तू ऐकलं नाहीस. तिचे सगळे कपडे धुतलेस, धुतलेलेसुद्धा परत धुतलेस, आणि सगळे एकदम ड्रायरमध्ये कोंबलेस. खटका एकदाच वाजला असणार. अर्ध्या वाटेत झडपा उघडल्या, तिच्या निळ्या स्वेटरची बाही बाहेर येऊन अडकली, ड्रम जागच्या जागी थांबला, मोटर ओढत राहिली आणि पट्टा तुटला. जळक्या रबराचा वास जिन्यापर्यंत गेला. ओदील म्हणाली, "भंगारवाल्याला बोलावते." त्यावर तू तिच्या आणि मशीनच्या मध्ये जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पपा येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही. मी दुरुस्त करीन." कपाटाच्या दारावरचा माझा कागद काढलास आणि जमिनीवर पसरून बसलीस. पंधरा वर्षांची पोर, आई जाऊन चार दिवस झालेले.

आणि घरचा निरोप तर दर आठवड्याला जायलाच हवा होता. तो थांबला असता तर मला संशय आला असता. ओदीलनं स्वतः लिहायला घेतला, पण तिला जमेना, तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. तिनं तुला सांगितलं, "लिही गं, सगळं छान आहे, आई मजेत आहे." तू म्हणालीस, "ते मी नाही लिहिणार." मग तू काय लिहिलंस ते मला आजही पाठ आहे. "ड्रायरचा पट्टा तुटला. नवा आणला. बाजूचा पत्रा काढला. चौदा स्क्रू, एक हरवला, सापडला. पट्टा ड्रमवर बसतो पण सैल पडतो. ताण देणाऱ्या चकतीची स्प्रिंग कुठं अडकवायची? वरच्या भोकात की खालच्या? पाऊस चालू आहे."

मी जेवणाच्या टेबलावर तो वाचला आणि सगळे हसले. लोईक म्हणाला, "अरे, उत्तर जात नाही हे तिला ठाऊक आहे ना? प्रश्न कसला विचारते?" मी म्हणालो, "बायकोला माझ्यापेक्षा ड्रायरची काळजी." मला जरा रागही आला होता. गणितात किती मिळाले ते नाही, तुझं नाव नाही, मांजर नाही, जवळजवळ सगळे शब्द पट्ट्यावर घालवले. तरी मी त्या पट्टीच्या पाठीवर आकृती काढली आणि कोणी ऐकत नसताना म्हणालो, "खालच्या भोकात, वेडे, खालच्या." पुढच्या आठवड्यात आलं, "वरच्या भोकात लावली. पट्टा घसरतो. करकर आवाज येतो. काढून परत लावते." मी कपाळावर हात मारला. त्यानंतर, "खालच्या भोकात लावली. चालतो. टॉवेल वाळले. चादरी वाळल्या. निळा स्वेटर वाळला, बाही थोडी फाटली होती, शिवली." मी एकटाच टाळी वाजवली. मला वाटलं, आर्मेल शिकली एकदाची. तिनं आजवर त्या मशीनचा एक स्क्रू फिरवला नव्हता, सुईत दोरा ओवायचाही तिला कंटाळा, आणि तरीही मला काही म्हणजे काही सुचलं नाही. माणूस स्वतःला हवं ते वाचतो. उरलेले सगळे निरोप ड्रायरचेच होते. आज एवढे टॉवेल, आज जाळीवर निळी लव, आज आवाज नाही, आज पाइप धुतला. त्यात एक शब्द खोटा नव्हता, रोझेन. मी नंतर ते कितीतरी वेळा तपासले. एकाही ओळीत तू खोटं लिहिलेलं नाहीस. तू एकटी होतीस, घरातलं मोडलेलं दुरुस्त करायला बघत होतीस आणि ज्याला विचारायचं तो माणूस हसत बसला होता.

परतीच्या दिवशी किनारा दिसायला लागला तेव्हा कप्तानानं मला त्याच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, पंपाबद्दल शाबासकी देणार. त्यानं आधी दार लावलं, मग मला बसायला सांगितलं, आणि तो स्वतः उभा राहिला. पुढचं तुला सांगायची गरज नाही. तासाभरानं मी नौदलाच्या तळाच्या फाटकाबाहेर आलो. तू ओदीलचा हात धरून उभी होतीस, आईचा रेनकोट घातला होतास आणि तो तुला गुडघ्याखाली येत होता. तू धावत आलीस आणि म्हणालीस, "पपा, मी तो दुरुस्त केला." आणि मी तुला म्हणालो, "तू मला फसवलंस." मिठीसाठी उचललेले तुझे हात तसेच खाली गेले. ओदील म्हणाली, "गुलवेन!" मी चालत गाडीकडे गेलो. घरी आल्यावर तू माझी पिशवी घेतलीस, कपडे धुतलेस आणि तीन दिवस ड्रायर चालवलास. अंगणात वाफ होती, पण मादाम त्रेगेर ओरडल्या नाहीत. नंतर मी माफी मागितली नाही. मी नीट वागलो, तुझ्या शाळेत गेलो, क्रेप करायला शिकलो, सुट्टीत तुला समुद्रावर नेलं, पण त्या शब्दांच्या जवळ मी कधी फिरकलो नाही. अठराव्या वर्षी तू ब्रेस्तपासून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ग्रनोबलला शिकायला गेलीस. मी लोकांना सांगितलं, तिला डोंगर आवडतात.

तू विचारतेस, एवढं जुनं कशाला ठेवायचं? त्याचं उत्तर असं. तू बसवलेला पट्टा एकोणीस वर्षं टिकला. मी मशिनिस्ट, माझा कधी सातव्या वर्षापुढं गेला नाही. दोन हजार सहा साली तो अखेर तुटला तेव्हा मी पत्रा काढला. चौदाच्या चौदा स्क्रू घट्ट होते. स्प्रिंग खालच्या भोकात, आणि ती निसटू नये म्हणून तू तिला तांब्याच्या तारेचे तीन वेढे घातले होतेस, ते माझ्या कागदावर कुठं नव्हतं. ते तू स्वतः शोधून काढलं होतंस. मग नवा पट्टा घातला आणि तारेचे वेढे तुझ्यासारखेच घातले. त्यानंतर पट्टा आणखी दोनदा बदलला, थर्मोस्टॅट बदलला, दोन वेळा बेअरिंग बदललं, एका झडपेची कडी लोहाराकडून घडवून आणली, कारण तो भाग आता कुठं मिळत नाही. दर शनिवारी जाळी साफ करतो. एकट्या माणसाचे कपडे ते किती, जाळीवर चिमूटभर लव येते. तुला फोनवर सांगत होतो की जुनी यंत्रं चांगली, टिकाऊ, वगैरे. खोटं होतं ते. तू इथं राहत होतीस आणि मला शोधत होतीस, याचा तेवढा एकच पुरावा माझ्याकडे होता, म्हणून मी तो चालू ठेवला. पण तुला तो बघून स्वतःची लाज वाटत असेल, तर गुरुवारी त्या दोन माणसांना मीच तो जिन्यावरून खाली न्यायला मदत करीन.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो, नाहीतर हेही पत्र मी घडी करून ठेवून देईन. निघण्याआधी दर वेळी आमच्यासमोर एक कागद यायचा. घरी कोणाचं काही बरंवाईट झालं तर तुम्हाला समुद्रात असतानाच कळवायचं की परतल्यावर? दोन चौकोन, एकात खूण करायची. तुझी आई मला म्हणाली होती, "लगेच कळवा, असं लिही हं. माझं काही झालं तर पोरगी एकटी पडायला नको, तू निदान तिथून तिच्यासाठी प्रार्थना तरी कर." मी हो म्हणालो. आणि मी दर वेळी दुसऱ्या चौकोनात खूण केली, त्या मार्चमध्येसुद्धा. मला भीती वाटायची की कळलं तर मी काम करू शकणार नाही, सगळ्यांसमोर मोडून पडेन. तुला वाटलं तो नौदलाचा नियम होता. तो नियम नव्हता, माझी सही होती. ओदीलला तळावरच्या एका अधिकाऱ्यानं तो कागद दाखवला होता. माझ्याविषयी तुझ्या मनात काही राहू नये म्हणून तिनं तुला सांगितलं नाही, आणि सहा वर्षांपूर्वी जायच्या आधी मला म्हणाली, "गुलवेन, पोरीला सांग रे." मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. तिनं मला अजून एक सांगितलं. तू त्या अधिकाऱ्याकडे तीन वेळा गेली होतीस, एकटी, शाळा बुडवून, आणि टेबलाला धरून त्याला सांगितलंस, "माझ्या पपाला कळवा. त्याला कळायलाच हवं. कळू नये म्हणणारा माणूस नाहीये तो." त्या भल्या माणसानं खणात ठेवलेला माझा कागद तुला दाखवला नाही. तू मला फसवलं नाहीस, रोझेन. तू माझ्यासाठी भांडत होतीस. कळू नये म्हणणारा तो माणूस मीच होतो.

तुझाच,
पपा